चांदणी की भिंगरी?

मी एक जुनी, काळी, चांगली लांबरुंद मोटार आहे, आणि आधीच सांगून टाकते मित्रांनो, मी चालत नाही. कर्जतजवळच्या कडाव गावात चांगोशेटांच्या गोठ्याला लागून एक पडवी आहे, तिथे मी तीन वर्षं उभी आहे. माझ्या मागच्या सीटवर एक तांबडी कोंबडी अंडी घालते. डिकीत पेंढा भरलाय. शेजारची म्हैस रवंथ करता करता माझ्या आरशात स्वतःचं तोंड बघते. हसू नका! एके काळी याच आरशात बघून नवऱ्या मुली कुंकू नीट करायच्या. माझ्याकडे वेळ थोडा आहे आणि सांगायचं पुष्कळ आहे, तेव्हा जरा सरकून बसा आणि ऐका.

माझा जन्म १९५८ सालचा, जर्मनीतला. माझ्या घराण्याचं नाव मर्सिडीज. सहा सिलिंडरांचं इंजिन माझ्या पोटात बसवलं, तेव्हा कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून तो आवाज ऐकला आणि नुसती मान हलवली. बस्स, तेवढंच. पण आयुष्यातली ती पहिली शाबासकी मी कधीच विसरले नाही. मग माझ्या नाकावर तीन टोकांची चांदणी बसवली आणि बोटीने मला मुंबईला पाठवलं. तिथे एका वकिलातीतल्या साहेबाने मला दहा वर्षं फुलासारखी वापरली. तो मायदेशी परत गेला आणि मी हात बदलत बदलत खोपोलीला येसाजी मिस्त्रींच्या गॅरेजात विकायला येऊन उभी राहिले.

तिथे मला चांगोशेटांनी पाहिलं.

चांगोशेट म्हणजे बैलांच्या शर्यतीतलं मोठं नाव! खालापूरकडची त्यांची थोडी जमीन कारखान्यात गेली आणि पैसे हातात आले, तेव्हा लोक म्हणाले ट्रक घ्या, कुणी म्हणालं अजून म्हशी घ्या. त्यांनी घेतलं मला. पण घेताना पारख कशी केली, ठाऊक आहे? अगदी बैलाची करतात तशी. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, मागच्या अंगावर थाप मारली, हेडलाइटजवळ तोंड नेऊन म्हणाले, "डोळं पाणीदार हायत." मग दात बघायला पुढच्या जाळीत बोटंच घातली!

"शेट, ती चावत नाय," येसाजी म्हणाले.

"चावंना का. जातिवंत हाय. सोड दावं, मी नेतो."

अशी मी कडावला आले. शेटांच्या बायकोने, भागूबाईंनी, माझ्या चाकांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्यांच्या दहा वर्षांच्या आवडीने माझं नाव ठेवलं. चांदणी.

काय दिवस होते ते! आजूबाजूच्या गावांत एक लग्न माझ्यावाचून लागत नव्हतं. मागे सहा बायका, पुढे चार बाप्ये, मांडीवर पोरं, टपावर रुखवत, आणि मी आपली डुलत डुलत बांधाकडेच्या रस्त्याने. मॅट्रिकच्या परीक्षेला गावातली सगळी मुलं मीच कर्जतला पोचवायची. शेट स्वतः चालवायचे. मात्र बॉनेटला त्यांनी कधी हात लावला नाही. "पोट उघडणं वैद्याचं काम," म्हणायचे आणि दर महिन्याला मला खोपोलीला येसाजींकडे न्यायचे. येसाजी तेल बघायचे, पाणी बघायचे, तोटी सोडून जुनं पाणी काढायचे आणि नवं भरायचे. शेट बाजूला विडी ओढत बघत राहायचे. बघायचे, पण विचारायचे नाहीत. मित्रांनो, हे वाक्य लक्षात असू द्या.

आणि आवडी! ती पंधरा वर्षांची झाली, तेव्हा भात कापून रिकाम्या झालेल्या खाचरात शेटांनी तिला माझ्या स्टेअरिंगमागे बसवलं. पाय पुरेनात म्हणून पाठीमागे उशी. तिने क्लच सोडला आणि मी बेडकासारखी उडी मारली! बांधावरून भागूबाई ओरडल्या, "अगं बया, लेकीला मारतंय हे माणूस!" आठ दिवसांत मात्र आवडी मला गोल गोल फिरवू लागली. तिच्या तळहातांना घाम यायचा आणि ती मोठमोठ्याने हसायची. सगळ्या कडावात मोटार चालवणारी ती एकच मुलगी होती. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक कोणतं म्हणाल, तर ते हसू.

आता दुःखाकडे येते.

खोपोलीच्या एका कारखान्यातला जर्मन इंजिनिअर घरी परत निघाला आणि जाताना आपली मोटार विकायला येसाजींकडे सोडून गेला. तिच्या घराण्याचं नाव बीएमडब्ल्यू. लहानखुरी, नारिंगी, दोनच दारांची. नाकावर निळी-पांढरी गोल चकती. पोरांनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. एकदा घाटात आम्ही चढत होतो, तर ही भिंगरी मागून आली, वळणावर कुत्र्याच्या शेपटासारखी वळली आणि आम्हांला मागे टाकून गेली. येसाजी ती चालवून बघत होते. झालं! दुसऱ्या दिवशी कडावच्या चहाच्या टपरीवर एकच विषय.

"चांगो, तुजी म्हातारी दमली रं!"

"अरं, म्हातारी नाय, घरंदाज हाय. घरंदाज बाय धावत नाय."

"मंग शर्यतवाल्याच्या दारात कशाला? देवळात बशीव!"

शर्यतवाल्या माणसाला असं बोलणं म्हणजे काय ते तुम्हांला कळेलच. शेट दोन दिवस जेवले नाहीत नीट. मग त्यांनी ठरवलं, भिंगरी घ्यायची. पण घ्यायची म्हणजे एकच ठेवायची. त्याच हिवाळ्यात पेट्रोल भडकलं होतं आणि भागूबाईंनी स्वयंपाकघरातून स्पष्ट सांगितलं, "दोन-दोन मोटारींना पाजायचं काय? पेट्रोल म्हशीच्या आचळातनं येतंय व्हय?"

आणि उरलेली कुठे जाणार? भिंगरीला गिऱ्हाईक होतं. पण माझ्यासारख्या अवजड, तहानलेल्या मोटारीला त्या दिवसांत कोण घेणार? कुर्ल्याचा एक भंगारवाला तेवढा तयार होता. तो पुढच्या सोमवारी येणार होता. हे मी माझ्या कानांनी, म्हणजे माझ्या उघड्या खिडकीतून ऐकलं. माझं तेल थिजलं, मित्रांनो.

सगळ्या गावाने मतं दिली. माझ्या बाजूचे म्हणायचे, तिच्या मागच्या सीटवर बाळंतीण झोपून जाईल, खड्डा कळत नाही, सहा वर्षांत एकदा रडली नाही. भिंगरीच्या बाजूचे म्हणायचे, पळते, वळते, कमी पिते. भागूबाईंनी भिंगरीत एकदा बसून बघितलं. मागे जायचं तर पुढचं सीट पाडून वाकून शिरायचं. अर्ध्यात अडकल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "ही मोटार हाय का कोंबड्यांचं खुराडं?"

आवडी मात्र संध्याकाळी पडवीत येऊन माझ्या स्टेअरिंगवर कपाळ टेकून बसली. शेट आले, तेव्हा म्हणाली, "आबा, भिंगरी आनली तर मला चालवायला द्याल?"

"नाय गं. ती पळनारं जनावर. पोरीच्या हातात नाय देनार."

"मंग चांदणी गेली की माजं चालवनं बी गेलं."

शेट म्हणाले, "शर्यत लावू. खोपोलीपासून शिंगरोबापर्यंत. जी आधी पोचंल ती आपली. मंग टपरीवर कोन तोंड उघडतंय ते बघू."

शिंगरोबाचं देऊळ घाटात आहे. येणारा-जाणारा ड्रायव्हर तिथे हात जोडतो. चढ असा, की भले भले ट्रक फुसफुसत थांबतात. त्या चढावर भिंगरीला मी कशी हरवणार? रविवार ठरला. सोमवारी भंगारवाला. मी दिवस मोजू लागले.

शनिवारी येसाजींनी मला तपासलं. पाणी गळ्यापर्यंत भरलं. रविवारी उजाडताना शेट एकटेच पडवीत आले. हातात तेलाची वाटी, कुंकू आणि रिकामी बादली. बॉनेटला कुंकू लावलं. चाकांना तेलाचं बोट फिरवलं. आरशाला शर्यतीच्या बैलाचा लाल गोंडा बांधला. मग इकडेतिकडे बघत खाली वाकले आणि रेडिएटरच्या बुडाची तोटी सोडली!

भळाभळा पाणी बादलीत पडू लागलं. मी हादरले. शेट, काय करताय? येसाजी हे काढतात ते नवं भरायला! पण मला तोंड कुठे आहे? बादली भरली, तेव्हा तोटी बंद करून ते माझ्या नाकावर हात फिरवत हळूच म्हणाले, "आज पानी नाय पाजनार तुला. शर्यतीच्या दिशी पाजलं की पोट डुचमळतं, जनावर जड व्हतं. हलक्या पोटानं पळ, बाय माजी. टपरीवाल्यांना काय कळतंय? मला तूच पायजेस."

मित्रांनो, कळलं तुम्हांला? त्यांनी निवड आधीच केली होती. मलाच केलं होतं पसंत! शर्यत नुसती लोकांची तोंडं बंद करायला होती. इतकं प्रेम माझ्यावर कुणी केलं नव्हतं, आणि त्याच प्रेमाने ते माझं रक्त बादलीत काढून बसले होते. ती बादली त्यांनी म्हशीपुढे ठेवली. म्हैस सगळं पाणी प्यायली.

सकाळच्या गारव्यात, सपाट रस्त्याने, इंजिनात उरलेल्या थोड्या पाण्यावर मी कशीबशी खोपोली गाठली. तिथे ही गर्दी! भिंगरीत येसाजी, माझ्यात शेट आणि शेजारी आवडी. रुमाल पडला आणि आम्ही सुटलो. पहिल्या वळणाला भिंगरी पुढे, दुसऱ्या वळणाला अजून पुढे. मी जीव खाऊन धावत होते, पण पोटात आग पेटत चालली होती. समोरच्या तबकडीत उष्णतेचा काटा असतो. आवडीला येसाजींनी तो वाचायला शिकवला होता.

"आबा, काटा चढतोय."

"चढू दे. चढच हाय."

"आबा, काटा लाल रेषंपाशी आला! थांबा जरा!"

"शर्यतीत काटा नाय बघायचा, आवडे. म्होरलं शेपूट बघायचं!"

पुढे एक ट्रक वळणावर अडला. भिंगरी त्याच्या मागे अडकली. शेटांनी मला बाहेरच्या बाजूने काढली, दरीच्या अंगाने, आणि मी दोघांनाही मागे टाकलं! लोकांनी आरोळी ठोकली. काटा लाल रेषेच्या पार गेला होता. माझ्या नाकातून वाफ येऊ लागली, तेल पातळ झालं, आत लोखंडावर लोखंड घासू लागलं. थांबवा, मी ओरडत होते, कुणीतरी थांबवा! आवडीचा हात किल्लीकडे गेला. अर्ध्यावर थांबला. तिने बापाच्या तोंडाकडे बघितलं. इतकं आनंदी तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हात परत मांडीवर आला.

शिंगरोबाचं देऊळ आलं. मी पहिली पोचले.

मी जिंकले, मित्रांनो. एकदा मोठ्याने खडखडले आणि बंद पडले.

शेट उतरून नाचत होते. फेटा हवेत उडवत होते. आवडी मात्र वाफेकडे बघून रडकुंडीला आली. "हिला तहान लागलीया, आबा, हिला पानी पायजे!" ती देवळापाशी धावली, तिथल्या रांजणातला थंडगार पाण्याचा डबा घेऊन आली, हाताला गोणपाट गुंडाळून माझं झाकण फिरवलं. वाफ फुस्स करून वर गेली. तेवढ्यात भिंगरी येऊन पोचली आणि येसाजी दार उघडायच्या आधीच ओरडले, "नको गं पोरी! वतू नको! निवू दे तिला!"

पण पाणी पडलं होतं.

टण्ण!

एवढाच आवाज झाला. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं की काय होतं, ते तुमच्या आईला विचारा. माझं इंजिन आरपार तडकलं.

येसाजी वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "शेट, काल मी गळ्यापतुर पानी भरलं व्हतं. गेलं कुठं?"

"मी काढलं."

"का?"

"शर्यतीचा बैल पाजत्यात का कुनी?"

कुणीही हसलं नाही. येसाजी रस्त्याच्या कठड्यावर खाली बसले. थोड्या वेळाने शेटांना अगदी हळू म्हणाले, "नुसती तापली असती तर घासूनपुसून चालू केली असती मी. पन गार पान्यानं..." त्यांना वाटलं आवडीने ऐकलं नाही. तिने ऐकलं होतं.

दोर बांधून ट्रकने मला घाट उतरवला. आता शेटांचा आटापिटा सुरू झाला. आधी म्हणाले, भिंगरीचंच इंजिन काढून हिला बसव, दोघी एकाच देशाच्या, एका भावकीतल्या. येसाजी म्हणाले, "दोन्ही बाया कडावच्या म्हनून एकीची चोळी दुसरीला बसती का, शेट?" मग जर्मनीला पत्रं लिहिली. आवडीनेच लिहिली, शाळेतल्या बाईंकडून इंग्रजी तपासून घेऊन. परवाना लागतो म्हणाले. परवान्यासाठी मुंबईला खेटे घातले. वर्ष गेलं. काहीच आलं नाही.

सोमवारचा भंगारवाला शेटांनी हाकलून दिला होता. "जिंकलेलं जनावर इकत नाय," म्हणाले. भिंगरी दुसरीकडे गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं असं मला उगीच वाटलं. तिचा काय दोष होता बिचारीचा? ती नुसती चांगली धावत होती.

आणि मी राहिले. भंगारात जाऊ नये म्हणून मी किती तळमळले होते! आता वाटायचं, का जिंकले? पडवीत दिवस जाईनात. टायर बसले. गंज माझ्या दारांच्या खालच्या कडा कुरतडू लागला. शेट रोज सकाळी यायचे, काचा पुसायचे आणि एक शब्द न बोलता जायचे. आवडी तर पडवीत यायचीच बंद झाली. ते दोघं एकमेकांशी भाताबद्दल बोलायचे, म्हशींबद्दल बोलायचे. माझ्याबद्दल तीन वर्षांत एक अक्षर नाही. मला ते गंजापेक्षा जास्त लागायचं.

काल येसाजी आले. पुण्याला एका डॉक्टरांकडे अगदी माझ्याच जोडीची मोटार आहे, म्हणाले. तिचं इंजिन ठणठणीत, पण गिअर मोडलाय, मागचा आस वाकलाय, काच फुटलीय. डॉक्टरांना ती विकायची नाही, पण मला सुटी करून नेलं तर माझं सगळं तिला बसेल. शेटांनी नेहमीसारखं "नाय" म्हटलं आणि गोठ्यात निघून गेले.

तेव्हा आवडी पडवीत आली. तीन वर्षांनी! तिचं लग्न ठरलंय. पुढच्या महिन्यात ती सासरी जाणार. माझ्या दारावर हात ठेवून तिने हाक मारली, "आबा, हिकडं या."

शेट आले.

"हिला कशाला ठेवलीय, आबा?"

"जिंकली व्हती ती."

"जिंकून मेली. तुमी रोज तिला पुसताय, मी रोज तिच्याकडं पाठ फिरवतेय. मी गेल्यावर तुमी एकटंच पुसत बसनार. पानी मी वतलं, आबा. काटा मला वाचता येत व्हता. किल्ली माज्या हाताशी व्हती. मी फिरवली नाय. मी मारलं हिला."

शेट एकदम तिच्याजवळ आले. "तू? अगं, तुला असं वाटत व्हतं? येडे! पानी काढलं कुनी? तीन वर्सं मला वाटतंय, तू माज्यावर रुसलीस म्हनून हिकडं येत नायस."

"आन् मला वाटायचं तुमी माज्यावर रागावलाय."

मग दोघं माझ्या पुढच्या सीटवर बसून रडले, मित्रांनो. शेट ड्रायव्हरच्या जागी, आवडी शेजारी, त्या दिवशी बसले होते तसेच. कोंबडी घाबरून उडून गेली. बऱ्याच वेळाने शेट नाक पुसत म्हणाले, "येसाजीला सांग, ने म्हनावं."

आज सकाळपासून शेटांनी मला धुतली. पेंढा काढला, अंडी काढली. भागूबाईंनी मला ओवाळलं. आमच्याकडे एक रीत आहे. घरचं जनावर विकलं, तरी त्याचं दावं विकत नाहीत, ते घरातच ठेवतात. शेटांनी माझी किल्ली काढली. गिऱ्हाइकाला तिचा तसाही उपयोग नव्हता. ती आवडीच्या हातात ठेवून ते म्हणाले, "हे तुजं. सासरी ने. आन् पुन्यांदा कुनी माज्यासारका म्होरलं शेपूट बघत सुटला, बाप असू दे नायतर नवरा, तर त्याच्या तोंडाकडं बघू नको. फिरव."

बाहेर येसाजींचा टेंपो येऊन उभा आहे. पाने-हातोड्यांचा आवाज येतोय. मला भीती वाटते आहे, खोटं कशाला सांगू? दारं इकडे, चाकं तिकडे होणार माझी. तुम्हांला एवढंच मागते, मित्रांनो. तुमची सायकल असो, शिलाई मशीन असो, शेतातला पंप असो, तिच्यावर माया करा, पण आधी तिला काय लागतं ते विचारून घ्या. बैलाची माया बैलाला, मोटारीची मोटारीला. ज्याला ठाऊक असेल त्याला विचारायला लाजू नका. माझे शेट सहा वर्षं येसाजींच्या शेजारी उभे होते. एकदा विचारलं असतं, "हे पानी कशाला रं?", तर आज आवडी स्वतः मला चालवत सासरी गेली असती.